डिंकाची रेघ

साक्रीच्या पठारावरून उतरवलेलं पातं
शेडमध्ये एका कुशीवर आडवं,
चव्वेचाळीस मीटर.
मागच्या कडेला, दोन कवचं जिथे भेटतात,
तिथे तळहाताएवढी फट.
बाकी सगळं पांढरं, धुतल्यासारखं.

माझ्या मॉडेलमध्ये ही फट नव्हती.
मी दोन्ही कवचांना ‘टाय’ दिला होता,
एक आज्ञा, एक ओळ:
हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागाला बांधला.
संगणकात असं बांधलेलं सुटत नाही,
वारा कितीही येवो, वीस वर्षं, पंचवीस.
नारखेडे सरांनी अहवालावर सही केली
आणि मी त्या दिवशी लवकर घरी गेले.

सुकदेव अहिरराव खिशातून रुपया काढतो,
कडेकडेने वाजवत जातो.
टक्. टक्. टक्. टक्.
मग एके ठिकाणी आवाज बसतो.
ठप्.
“आठे पोकय शे, ताई.”
खडूने गोल काढतो.
दोन हात पुढे, आणखी एक गोल.
माझ्याकडे बघत नाही, ही त्याची सभ्यता.

रात्री धुळ्याला, पाचव्या गल्लीत, माडीवर
मॉडेल नव्याने बांधायला बसते.
आता डिंकाला स्वतःचा थर,
नऊ मिलिमीटर.
जाळी बारीक करते, कोपऱ्यावर ताण वाढतो.
आणखी बारीक, आणखी वाढतो.
त्या टोकाला गणित उत्तर देत नाही,
जितकं जवळ जावं तितकं ओरडतं.
मधला सगळा डिंक मात्र निवांत,
पगारापुरता हजर.

खाली दुकानात वडील अजून बसलेत,
खळीचं पातेलं, हाडाची पट्टी,
शिवायला आलेल्या खतावण्या.
विचारलं, पुस्तक सुटतं कुठून?
“कडेनं,” मान वर न करता म्हणाले.
“सरळ ओढून कागद निघत नाही गं.
नखानं उचलला की निघतो.”
मग एका खतावणीवर थाप मारून:
“ही बघ. पुठ्ठ्याला कुणाचा तरी तेलाचा हात लागलाय.
चिकटलेली दिसते. चिकटलेली नाही.”

वर येऊन तीन आकडे लिहिते:
डिंक किती ताठ, कितीवर ढळायला लागेल,
पूर्ण सुटेपर्यंत किती ऊर्जा खाईल.
तिन्हींचा मिळून एक त्रिकोण,
चढ उभा, उतार लांब.
उतारावरही तो धरून असतो,
दर पावलाला थोडा कमी.
शून्य म्हणजे अख्खा, एक म्हणजे सुटला,
आणि कालपर्यंत मला
या दोघांमधले दशांश माहीतच नव्हते.

पुरवठादाराने तिसरा आकडा मोजलाय
तेवीस अंशांवर, बंद खोलीत.
मे महिन्यात पठारावर, पात्याच्या कातडीवर
सुकदेवच्या तापमापकाने एकसष्ट दाखवले होते.
मी आकडा कमी केला,
किती कमी, ते पेन्सिलीने,
पुढे प्रश्नचिन्ह.

पावणेदोनला पडद्यावर फट उघडली.
अगदी कडेचा एक चौकोन लाल झाला,
मग दिसेनासा झाला,
मग शेजारचा लाल.
सुकदेवच्या पहिल्या गोलापासून
जेमतेम वीतभर अंतरावर.
मी एकटीच खुर्चीत ताठ झाले.
दुसऱ्या गोलापाशी काहीच नाही,
सगळं निळं, सगळं धरलेलं.
तिथे कुणाचा हात लागला असेल
कुठल्या कारखान्यात, कुठल्या पाळीला,
त्या हातासाठी माझ्या यादीत घटक नाही.

सकाळी रुपया मागितला.
सुकदेवने तो आधी शर्टाला पुसला, मग दिला.
मुळापासून निघाले, कडेकडेने,
टक्. टक्. टक्.
बाराव्या मीटरवर थांबले.
“इथे?”
तो कान लावून उभा राहिला.
“नई, ताई,” म्हणाला,
“पन आखो एकदाव.”